रोज रात्री तीनला तेच अपडेट: एसक्यूएल सर्व्हरचा पॅच परत परत का बसायला बघत होता

सर्व्हरवर एकच अपडेट रोज परत बसायला बघतंय, हिस्ट्रीत फेल्ड, फेल्ड, फेल्ड अशी रांग लागलीय आणि नेटवर शोधलं की सगळे एकच फोल्डर उडवायला सांगतायत, अशा अवस्थेत जे कोण असतील त्यांच्यासाठी हे लिहितोय. मी छोट्या कारखान्यांचे, पतसंस्थांचे सर्व्हर सांभाळतो, आणि हे प्रकरण इचलकरंजी भागातल्या एका सूतगिरणीतलं आहे, नाव काही सांगत नाही.

आधी मशीनचं सांगतो. टॉवर सर्व्हर, विंडोज सर्व्हर २०१६, त्यावर एसक्यूएल सर्व्हर २०१६ स्टँडर्ड (मायक्रोसॉफ्टचं डेटाबेस सॉफ्टवेअर), सर्व्हिस पॅक ३ (दुरुस्त्यांचा मोठा एकत्र संच) बसलेला. त्यावर गिरणीचं सगळं चालतं, म्हणजे अकाउंट्स, स्टोअर, सुताचं डिस्पॅच आणि गेटवरचा वजनकाटा. गिरणी तीन शिफ्टमध्ये चालते, त्यामुळं आयटीवाल्याला जी रात्री तीनची वेळ निवांत वाटते ती इथं निवांत नसते, विदर्भातनं आणि गुजरातेतनं कापसाच्या गाठी घेऊन येणाऱ्या गाड्या बऱ्याचदा पहाटेच काट्यावर लागतात. अपडेटचं शेड्यूल मात्र आधीपासनंच रात्री तीनचं लावलेलं होतं.

जुलै २०२४ मधे महिन्याचे पॅच, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या दुरुस्त्या, आले. हे महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या वेळेनं सकाळी दहाला सुटतात, म्हणजे तिथली उन्हाळी वेळ चालू असताना आपल्याकडं मंगळवारी रात्री साडेदहा, त्यामुळं आपल्यासाठी पॅचचा दिवस खरं तर बुधवारच. त्या महिन्यात एसक्यूएल २०१६ साठी केबी ५०४०९४६ (केबी म्हणजे मायक्रोसॉफ्टनं अपडेटला दिलेला नंबर) आला, नेटिव्ह क्लायंटच्या (प्रोग्रामना डेटाबेसशी जोडणारा भाग) ओएलई डीबी भागातल्या बऱ्याच सुरक्षा त्रुटींची दुरुस्ती त्यात होती, म्हणजे टाळून चालण्यासारखा नव्हता. मी डब्ल्यूएसयूएसमधे (सगळ्या मशीनना एका जागेवरनं अपडेट वाटणारी मायक्रोसॉफ्टची यंत्रणा) अप्रूव्ह केला, बाकी मशीनवर गपचूप बसला, ह्या एका सर्व्हरवर मात्र नाही.

मला कळलं ते काट्यावरच्या काकांच्या फोनवरनं. "साहेब, रोज पहाटे काट्याची स्क्रीन अडकतीय बघा, गाडी काट्यावर उभी असती आणि पावती निघत नाही, दहा-पंधरा मिनिटांनी आपोआप चालू होतंय." आपोआप चालू होतंय म्हणजे नेटवर्क किंवा वीज नाही, कोणीतरी सर्व्हिस बंद करून परत चालू करतंय. इव्हेंट व्ह्यूअर (विंडोजच्या नोंदी बघायचं साधन) उघडला तर सिस्टिम लॉगमधे अपडेट क्लायंटच्या नोंदी एकाखाली एक, ४३ म्हणजे इन्स्टॉल सुरू, आणि थोड्या वेळानं २०, म्हणजे फेल. पुढच्या रात्री परत ४३, परत २०. एरर कोड प्रत्येक वेळी तोच, ८००७०६४३. सेटअप एसक्यूएलची सर्व्हिस थांबवायचा, पुढं जाऊन अडायचा, मागं फिरायचा आणि सर्व्हिस परत चालू करून निघून जायचा. काकांची गाडी नेमकी त्या मधल्या वेळात सापडायची. रात्रीचा बॅकअप जॉबही त्यातच अर्धवट पडत होता, हे मला काट्यापेक्षा जास्त गंभीर वाटलं.

पहिलं काम केलं ते दुरुस्तीचं नाही, थांबवायचं. डब्ल्यूएसयूएसमधे ह्या सर्व्हरचा वेगळा ग्रुप करून त्या ग्रुपसाठी तेवढ्या एका पॅचचं अप्रूव्हल काढलं. मॅनेजर मॅडमनी बरोबर प्रश्न विचारला, "पॅच थांबवला म्हणजे सर्व्हर उघडा पडला का?" त्यांना सांगितलं की मॅडम, सर्व्हर आतल्या नेटवर्कवरच आहे, एसक्यूएलचा पोर्ट बाहेर उघडा नाही, थोडे दिवस चालेल पण कायमचं चालणार नाही. ही पायरी मला फार महत्त्वाची वाटते, कारण रोज रात्री धक्का बसत असेल तर माणूस घाईनं काहीतरी उडवाउडवी करतो, आणि खरं कारण त्या उडवाउडवीत पुसलं जातं.

आता मूळ प्रश्न, तेच अपडेट परत का येतं. बऱ्याच जणांची समजूत अशी असते की विंडोजनं कुठंतरी वहीत लिहून ठेवलंय हे बसलं, ते नाही बसलं, आणि ती वही बिघडलीय. तसं नसतं. प्रत्येक अपडेटबरोबर तपासायचे नियम येतात, हे ह्या मशीनला लागू आहे का, आणि हे आधीच बसलेलं आहे का. क्लायंट दर वेळी स्कॅन करताना (मूळ सेटिंगला साधारण २२ तासांनी) ते नियम प्रत्यक्ष मशीनवर लावून बघतो, रजिस्ट्री बघतो, फाइलची आवृत्ती बघतो. उत्तर लागू आहे पण बसलेलं नाही असं आलं की अपडेट परत यादीत. म्हणजे परत येणं हा बिघाड नाहीच, स्कॅन त्याला दिसतंय तेच सांगतोय. मग शोध दोनच गोष्टींचा उरतो, एकतर ते खरंच बसत नाहीये, किंवा बसतंय पण तपासणी चुकीच्या जागी बघतीय. हे दोन फाटे आधी वेगळे केले की निम्मं काम होतं. आमच्याकडं सिलेक्ट ॲट ॲट व्हर्जन (एसक्यूएलची आवृत्ती सांगणारी कमांड) चालवलं तर १३.०.६३००.२ आलं, म्हणजे सर्व्हिस पॅक ३ चा मूळ बिल्ड, पॅच बसला असता तर १३.०.६४४१.१ दिसायला हवं होतं. म्हणजे बसतच नव्हता.

नेटवर ८००७०६४३ शोधलं तर वेगळंच जंगल. २०२४ च्या जानेवारीत विंडोज १० साठी केबी ५०३४४४१ नावाचं रिकव्हरीचं अपडेट आलं होतं, ते रिकव्हरी पार्टिशनमधे २५० एमबी मोकळी जागा नसेल तर हाच कोड देऊन पडायचं, त्यामुळं सगळीकडं पार्टिशन लहान-मोठं करायच्या कृती लिहिलेल्या. आमच्या केसशी त्याचा काडीचा संबंध नाही. ह्या कोडचा शेवटचा भाग, ६४३, हा सोळाच्या पायातला आकडा आहे आणि साध्या हिशोबात तो होतो १६०३. आणि १६०३ म्हणजे इन्स्टॉल करताना गंभीर चूक झाली, बस्स. कुठली, ते सांगतच नाही. डोकं दुखतंय म्हणून आलेल्या पेशंटला कोणी डायरेक्ट ऑपरेशनला घेत नाही ना, पण ह्या कोडवर लोक सरळ प्रॉडक्शन सर्व्हरचं पार्टिशन कापतायत, हे बघून मला खरंच काळजी वाटली.

नेटवर सगळे जे फोल्डर उडवायला सांगतात ते म्हणजे सॉफ्टवेअर डिस्ट्रिब्यूशन, उतरवलेली अपडेट त्यात असतात, त्याचं पण सांगतो. अपडेटची सर्व्हिस थांबवायची, त्या फोल्डरचं नाव बदलायचं, परत चालू करायची, हा उपाय प्रत्येक जण पहिला सांगतो. डाउनलोड अर्धवट किंवा खराब असेल तर उपयोग होतो, नाही असं नाही. मी केला, काही शे एमबीचं पॅकेज परत उतरलं, हाताने इन्स्टॉल दिलं आणि जागच्या जागी पडलं. एवढं कळलं की डाउनलोडमधे खोट नाही. फक्त एक लक्षात ठेवा, ते फोल्डर बदललं की सेटिंगमधली अपडेट हिस्ट्री रिकामी दिसते, त्यामुळं आधी तिचा स्क्रीनशॉट काढा. इव्हेंट व्ह्यूअरमधल्या नोंदी मात्र राहतात.

डीआयएसएमनं कंपोनंट स्टोअर (विंडोजच्या स्वतःच्या फाइलींचा साठा) तपासलं, सिस्टिम फाइली तपासणारं एसएफसी चालवलं, दोन्ही स्वच्छ. ते अपेक्षितच होतं, कारण एसक्यूएलचा पॅच विंडोजच्या कंपोनंट स्टोअरमधनं जात नाही, तो विंडोज इन्स्टॉलरमधनं जातो, एमएसआय (सॉफ्टवेअर बसवायची फाइल) आणि एमएसपी (त्याच्या पॅचची फाइल) यांचा वेगळा संसार आहे तो. त्यामुळं कंपोनंट स्टोअरचा सीबीएस लॉग वाचत बसण्यात अर्थ नव्हता.

ज्यानं गाडी खऱ्या रस्त्याला लागली ती गोष्ट अगदी साधी, तोच पॅच मायक्रोसॉफ्टच्या अपडेट कॅटलॉग साइटवरनं उतरवून घेऊन साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी हाताने डबलक्लिक करून चालवला. अपडेट सर्व्हिस मधे नाही, डब्ल्यूएसयूएस मधे नाही, तरी पण पडला. झालं, अपडेटची यंत्रणा निर्दोष सुटली, आता फक्त एसक्यूएलच्या सेटअपशी गाठ.

त्या सेटअपचे लॉग वेगळीकडं असतात आणि बरेच जण तिथवर जातच नाहीत. प्रोग्राम फाइल्समधे मायक्रोसॉफ्ट एसक्यूएल सर्व्हर, त्यात १३० नावाचं फोल्डर (२०१६ चा आकडा १३०), त्यात सेटअप बूटस्ट्रॅप, त्यात लॉग. प्रत्येक प्रयत्नाचं तारीख-वेळेच्या नावाचं स्वतंत्र फोल्डर. आत समरी नावाची फाइल असते, ती कुठला भाग पडला तेवढं सांगते, आमच्यात डेटाबेस इंजिनचा गाभा पडलेला. मग त्याच फोल्डरमधे त्या भागाच्या नावाचा लांबलचक एमएसआय लॉग असतो, हजारो ओळींचा, तो वरनं खाली वाचायचा नाही, रिटर्न व्हॅल्यू ३ (पायरी फसल्याची खूण) असं शोधायचं आणि तिथनं वर वर वाचत जायचं. आमच्या लॉगमधे थोडं वर गेल्यावर ओळ होती, विंडोजच्या इन्स्टॉलर फोल्डरमधला अमुक नावाचा स्थानिक पॅच सापडला नाही, मूळ ठिकाणी शोधतोय. त्याखाली, मूळ ठिकाण मिळत नाही. आणि कोड १६१२, म्हणजे इन्स्टॉलेशनचा सोर्सच उपलब्ध नाही. हा आकडा १६०३ सारखा मोघम नाही, हा नेमकं बोट ठेवतो.

आता हे इन्स्टॉलर फोल्डर काय आहे ते नीट सांगायला पाहिजे, कारण सगळ्याचं मूळ इथं आहे. सी ड्राइव्हवर विंडोजच्या आत इन्स्टॉलर नावाचं लपवलेलं फोल्डर असतं. एमएसआयनं कुठलंही सॉफ्टवेअर किंवा पॅच बसला की त्याची मूळ फाइल तिथं ठेवली जाते, नाव बदलून, आकडे आणि अक्षरांचं काहीतरी निरर्थक दिसणारं नाव देऊन, आणि कुठल्या सॉफ्टवेअरची फाइल कुठल्या नावानं ठेवलीय ते रजिस्ट्रीत नोंदवलं जातं. पुढं पॅच बसवायचा, दुरुस्ती करायची किंवा काढून टाकायचं म्हटलं की विंडोज इन्स्टॉलर आधी ती जुनी फाइल मागतो. सातबाऱ्यावर नवीन नाव लावताना तलाठी आधीचा फेरफार मागतो तसं आहे, मधला एक फेरफार गहाळ असेल तर पुढची नोंद होत नाही, मग तुम्ही कितीही वेळा अर्ज करा.

फोल्डर उघडलं तर जवळजवळ रिकामं. तारखा जुळवल्यावर कळलं की सर्व्हिस पॅक ३ बसल्यानंतर कधीतरी सी ड्राइव्ह भरला होता आणि तेव्हा देखभालीला असलेल्या कोणीतरी जागा करायला तिथल्या फाइली काढल्या. मला त्या माणसाचा राग येत नाही. ते फोल्डर दहा-वीस जीबीचं होतं, नावं कचऱ्यासारखी दिसतात, उडवलं तरी त्या दिवशी काहीच बिघडत नाही, सगळं चालू राहतं, आणि जागा मोकळी होते. नुकसान पुढच्या पॅचला समजतं, ते पण हजारो ओळींच्या लॉगमधे. असे व्हिडिओ आणि असे क्लीनर अजूनही सर्रास फिरतायत म्हणून हे ठासून लिहितोय, विंडोजच्या इन्स्टॉलर फोल्डरला हात लावू नका.

दुरुस्तीचा एक रस्ता म्हणजे एसक्यूएल काढून परत टाकणं. पण फाइल नसेल तर काढताना पण तीच अडचण येते, आणि गिरणीचा चालता डेटाबेस, लॉगिन, जॉब, लिंक्ड सर्व्हर हे सगळं परत उभं करायचं म्हणजे मोठा विषय. दुसरा रस्ता, गहाळ फाइली एकेक करून परत जागेवर ठेवणं. मायक्रोसॉफ्टची ह्यासाठीच लिहिलेली एक व्हीबीस्क्रिप्ट आहे, फाइंडएसक्यूएलइन्स्टॉल्स नावाची. ती चालवली की एक टेक्स्ट फाइल तयार होते, त्यात एसक्यूएलच्या प्रत्येक घटकाची नोंद, तो मूळ कुठल्या ठिकाणावरनं बसला, त्याची फाइल इन्स्टॉलर फोल्डरमधे कुठल्या नावानं असायला हवी, ती आहे का, आणि नसेल तर कुठनं कुठं कॉपी करायची ती कमांडसुद्धा लिहून मिळते. रजिस्ट्री हातानं चाळत बसलो असतो तर हप्ते गेले असते. काम सुरू करायच्या आधी सगळ्या डेटाबेसचा फुल बॅकअप घेतला, मास्टर आणि एमएसडीबी ह्या एसक्यूएलच्या स्वतःच्या डेटाबेससकट, आणि सिस्टिम स्टेट (विंडोजच्या मूळ सेटिंगचा बॅकअप) बाहेरच्या डिस्कवर. हे न करता कोणी पुढं जाऊ नये.

टेक्स्ट फाइलमधे मूळ ठिकाण होतं ई ड्राइव्ह, एक्स६४, सेटअप. म्हणजे डीव्हीडी. ती डीव्हीडी शोधणं हाच एक उद्योग झाला. ज्यांनी सुरुवातीला बसवलं होतं त्यांचा फोन लागेना, मॅनेजर मॅडमच्या कपाटात लायसन्सचे कागद होते पण डिस्क नाही, शेवटी जुन्या बॅकअपच्या नॅसवर (नेटवर्कवरची साठवण) कोणीतरी तिचा आयएसओ (डिस्कची फाइलरूपातली हुबेहूब प्रत) करून ठेवलेला सापडला. अगदी तोच पाहिजे असतो, दुसऱ्या आवृत्तीचा किंवा नंतर नव्यानं उतरवलेला चालेलच असं नाही. सर्व्हिस पॅक मात्र उतरवून घेता येतात, आम्हाला सर्व्हिस पॅक २ (केबी ४०५२९०८) आणि ३ (केबी ५००३२७९) दोन्ही लागले, कारण दोन्ही त्या मशीनवर एकापाठोपाठ बसलेले होते. त्या एक्झी फाइलीला एक्स स्विच देऊन बसवायच्या ऐवजी नुसत्या एका फोल्डरमधे उलगडून घ्यायच्या, आत हव्या त्या एमएसपी मिळतात.

आयएसओ ई ड्राइव्ह म्हणूनच माउंट केला म्हणजे स्क्रिप्टनं दिलेल्या कमांड जशाच्या तशा चालतात. बऱ्याच फाइली पटापट जागेवर बसल्या. अडलं ते नेटिव्ह क्लायंटपाशी. आयएसओमधली फाइल ठेवली, नाव बरोबर, तरी इन्स्टॉलर तिला ओळखेना. कारण नावावर काही नसतं, प्रत्येक एमएसआयला एक पॅकेज कोड असतो आणि तोच जुळावा लागतो. तो बघायची सोपी युक्ती, फाइलवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डिटेल्स, तिथं रिव्हिजन नंबर म्हणून कंसातला लांब कोड दिसतो, तोच तो. रजिस्ट्रीत तो साठवताना उलटा-सुलटा केलेला असतो, पहिले तीन गट पूर्ण उलटे आणि पुढची अक्षरं जोडी-जोडीनं अदलाबदल, त्यामुळं नुसतं शोधून सापडत नाही. कागदावर उलटा मांडून बघितला तेव्हा कळलं की मशीनवरचा नेटिव्ह क्लायंट सर्व्हिस पॅकनं नव्यानं बसवलेला आहे, मूळ आयएसओमधला नव्हेच. सर्व्हिस पॅकच्या उलगडलेल्या फोल्डरमधली फाइल घेतली, कोड जुळला. त्या जुळलेल्या कोडनं जो आनंद झाला तो ह्या कामातल्यांनाच कळेल.

स्क्रिप्ट परत चालवली, गहाळचं चिन्ह एकाही नोंदीसमोर नाही हे बघितलं, मगच पॅच हाताने चालवला. ह्या वेळी गेला. पण इथं एक जागा आहे जिथं लोक घाबरून घोळ घालतात. पॅच बसल्यावर एसक्यूएल पहिल्यांदा चालू होतं तेव्हा ते आतल्या आत स्वतःच्या अपग्रेड स्क्रिप्ट चालवतं, आणि तेवढ्या वेळात कोणी लॉगिन करायला गेलं की १८४०१ एरर येते, सर्व्हर स्क्रिप्ट अपग्रेड मोडमधे आहे म्हणून. काकांनी लगेच फोन केला, लॉगिन होत नाही. त्यांना थांबायला सांगितलं, एरर लॉगमधे रिकव्हरी कम्प्लीट आल्याशिवाय सर्व्हिसला हात लावला नाही, काही मिनिटांत काटा चालू. ह्या वेळात सर्व्हिस रीस्टार्ट केली तर अर्धवट अपग्रेडचं नवीन दुखणं मागं लागू शकतं.

आवृत्ती बघितली, १३.०.६४४१.१. डब्ल्यूएसयूएसमधे अप्रूव्हल परत दिलं, स्कॅन करायला लावलं, पुढच्या रिपोर्टमधे तो पॅच इन्स्टॉल्ड दाखवला, आणि पहाटे तीनला इव्हेंट व्ह्यूअरमधे ४३ नाही, २० नाही. पुढच्या महिन्यांचे पॅचसुद्धा पहिल्या फटक्यात बसले. शेड्यूल पण तीनवरनं हलवून सुट्टीच्या दिवशी दुपारी आणलं, गेटवर विचारूनच.

राहिला सी ड्राइव्ह, कारण जागेचा प्रश्न सोडवला नाही तर उद्या परत कोणीतरी तेच फोल्डर साफ करणार. एसक्यूएलचे बॅकअप सी वरच पडत होते ते डी वर हलवले, टेम्पडीबी (एसक्यूएलचा तात्पुरत्या कामाचा डेटाबेस) हलवला, डीआयएसएमनं जुने कंपोनंट साफ केले (हे सुरक्षित आहे, विंडोज स्वतःच्या नोंदी बघून करतं), सीबीएस लॉगच्या जुन्या कॅब फाइली काढल्या. इन्स्टॉलर फोल्डरची एक पूर्ण कॉपी, आयएसओ आणि दोन्ही सर्व्हिस पॅक नॅसवर एकत्र ठेवलेत आणि त्या शेजारी मराठीत एक टेक्स्ट फाइल ठेवलीय, कुठली फाइल कशासाठी, म्हणजे माझ्या जागी दुसरा कोणी आला तरी त्याला शोधाशोध नको. एसक्यूएल २०१६ ची एक्स्टेंडेड सपोर्टची मुदत १४ जुलै २०२६ पर्यंतचीच आहे, त्यामुळं नवीन आवृत्तीवर जायचं अंदाजपत्रक पण मॅडमना दिलंय.

त्याच गिरणीत हजेरीच्या मशीनचा दुसरा एक सर्व्हर आहे, त्यावर एसक्यूएल एक्सप्रेस. त्याची काही तक्रार नव्हती, तरी स्क्रिप्ट तिथंही चालवली, तर तिथंही काही फाइली गायब निघाल्या. पुढचा पॅच यायच्या आत त्या भरल्या.